पत्रकातला जादा प्रसंग

"ओगलेसाहेब, पेलो टेबलवाळो सीन क्यां गयो?" असं जरीवालांनी विचारलं तेव्हा मी सभागृहाच्या पायऱ्यांवर उभा राहून चष्मा पुसत होतो. रविवारची सकाळ, साडेअकराचं ऊन, आणि आत दोन तास अंधारात बसल्यामुळे डोळ्यांना काही धड दिसत नव्हतं. धनसुखभाई जरीवाला म्हणजे आमच्या फिल्म क्लबचे चिटणीस. घरचा जरीचा धंदा भावांच्या गळ्यात घालून हा गृहस्थ गेली वीस वर्षं परदेशी चित्रपटांचे डबे रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून सोडवून आणतो आणि एका वाचनालयाच्या सभागृहात शहाऐंशी सभासदांना दाखवतो. शहाऐंशींतले पन्नास येतात, त्यातले वीस मध्यंतरात लोचो खायला म्हणून जातात ते थेट घरीच जातात. माझ्याकडे काम परिचयपत्रक लिहिण्याचं. शनिवारी दुपारी जरीवालांच्या माळ्यावर आम्ही दोघं चित्रपट आधी बघतो. म्हणजे मी बघतो, जरीवाला पहिल्या रिळातच खुर्चीत मान टाकतात. मग मी मराठीत पानभर लिहितो, जरीवाला त्यावरूनच मागच्या बाजूला गुजरातीत उतरवतात, त्याची झेरॉक्स निघते आणि दारात प्रत्येकाच्या हातात पडते. गेली सहा वर्षं हे चाललंय आणि सहा वर्षांत कोणी एक चकार शब्द काढला नव्हता, कारण कोणी वाचतच नसावं अशी माझी खात्री होती. आणि आज जरीवाला मला विचारत होते, पत्रकात आहे तो टेबलाचा प्रसंग पडद्यावर का आला नाही. त्यांच्यामागे आणखी चार जण पत्रक हातात धरून उभे होते. "आला की," मी म्हणालो. "तिसऱ्या रिळात." जरीवालांनी मान हलवली. ते म्हणाले की आज ते मुद्दाम जागे राहिले होते, त्या प्रसंगासाठीच.

चित्रपट तसा सहज समजणारा नव्हता. कुठल्याशा लहान देशातलं एक गाव, तिथे एका सकाळी सगळे उठतात ते आपापली नावं विसरून. चेहऱ्यांवर चुना फासल्यासारखं पांढरं काहीतरी, डोळे नाक सगळं त्यात बुजलेलं. चौकात भोंगा ओरडत असतो की प्रत्येकानं आपापल्या प्रार्थनाघरापुढे रांगेत उभं राहावं. आता नावच ठाऊक नाही तर प्रार्थनाघर कुठलं? गावात इमारत एकच, आणि कॅमेरा तिच्याभोवती फिरतो तसं तिच्या शिखरावरचं चिन्ह बदलत जातं. मग एक कारकून निघतो, जन्ममृत्यूची नोंदवही घेऊन. तो एकेकाला नाव देतो आणि नाव मिळाल्याबरोबर त्या माणसाच्या अंगावर आपोआप त्या त्या धर्माचे कपडे येतात, आणि कपडे आल्याबरोबर हातात दगड. गावातल्या कोरड्या हौदात एक घोडा उभा असतो, तो का ते शेवटपर्यंत कळत नाही. शेवटी कारकुनाला स्वतःचंच नाव वहीत सापडत नाही, तो प्रत्येक रांगेत जाऊन उभा राहतो आणि प्रत्येक रांग त्याला हाकलते. हे सगळं मी पत्रकात लिहिलं होतं, नीटनेटकं, परिच्छेद पाडून. राज्यसत्ता, धर्म, व्यक्तीची ओळख असे आमच्या क्लबात शोभणारे शब्दही घातले होते. आणि मध्येच हे लिहिलं होतं: 'तिसऱ्या रिळातला प्रसंग विशेष पाहण्याजोगा आहे. कारकून जेवणाच्या टेबलाशी बसून वहीतल्या बारा नावांपुढे लाल पेन्सिलीने खुणा करतो. बायको बशीतून चहा आणून देते. काम पाच मिनिटांत होते. खिडकीबाहेर बारा माणसे उभी आहेत, अकरा जणांना चेहरे नाहीत, एकाला आहे, फोटो स्टुडिओत काढतात तसा, केसांना तेल लावलेला.' मी रिक्षात बसून ते चार वेळा वाचलं. अक्षर माझंच होतं. रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, साहेब, कहाँ जाना है, तेव्हा कुठे मी पत्ता सांगितला.

खरं सांगायचं तर मला तो प्रसंग दिसला होता. कोणी म्हणेल झोप लागली असेल, पण नाही, झोपायचं खातं जरीवालांचं. मला ते टेबल दिसलं, त्यावरचं निळ्या चौकड्यांचं मेणकापड दिसलं. आणि इथे मात्र मला शंका यायला हवी होती, कारण असलं मेणकापड त्या देशात कुठून येणार? ते आमच्या घरातलं. ब्याण्णवच्या डिसेंबरात, मशीद पडली त्या आठवड्यात, ते नवंकोरं होतं. त्याच वर्षी दिवाळीआधी मतदारयादीच्या दुरुस्तीचं काम आमच्या कचेरीतल्या काही जणांच्या माथी मारलं होतं आणि मला आमच्या सोसायटीच्या मागची चाळींची ओळ आली होती. दारोदार हिंडलो. पक्की यादी वर गेली, कच्ची वही घरी राहिली. कच्च्या वहीत मी पुरतं नाव लिहीतच नसे. खोलीचा नंबर, नाव, धंदा, बस. मग कर्फ्यू लागला, आणि दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी सकाळी मंदार सबनीस आला. आमचा शेजारी, बँकेत अधिकारी, पुण्याचा, सोसायटीचा सेक्रेटरी. आवाज चढवून बोलला असं त्याच्या आयुष्यात कधी झालं नसेल. म्हणाला, "ओगले, तुमच्याकडे ती वही असेल ना? मागच्या ओळीत त्यांच्या खोल्या कुठल्या, एवढं कळलं तर बरं. रात्री गस्तीला पोरं असतात, निदान कुठे लक्ष ठेवायचं ते समजेल. आपल्या रक्षणासाठीच हो." मी वही काढली. तोच म्हणाला, तुम्हीच खुणा करून द्या, तुम्हाला माहीत. आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. कोणीतरी आपल्याला विचारतंय, आपल्याला माहीत आहे. माझ्या बायकोनं, अलकानं, चहा आणला, दूध पुरेसं नव्हतं म्हणून कमी दुधाचा, मी बशीत ओतून पीत पीत भराभर खुणा केल्या, पेपर तपासावेत तशा. एका ठिकाणी थांबलो. खोली चौदा, हिलाल, लूम कारागीर, एकटा. ती खोली बंद होती, शेजारच्यानं हिंदीत नाव सांगितलं होतं. हिलाल म्हणजे चांद, एवढं उर्दू मला येतं. तेवढं येतं याचाही मला अभिमान होता. मी खूण केली.

त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी मागची ओळ पेटली. सगळी नाही. मधल्या मधल्या खोल्या. आमच्या गच्चीवरून पाहिलं तर धूर सलग दिसत नव्हता, तुटक तुटक वर येत होता, आणि तो तसा का येतोय हे गच्चीवरच्या तीस माणसांत दोघांनाच ठाऊक होतं. मंदार माझ्याकडे बघत नव्हता. मी त्याच्याकडे बघत नव्हतो. चौथ्या दिवशी वर्तमानपत्रात हिलालचं नाव पूर्ण आलं, लूमच्या मुकादमानं ओळखून सांगितलं म्हणून: हिलाल धुडकू सोनवणे, मूळचा अमळनेरकडचा. लूम बंद, गावाला जायला गाडी नाही, म्हणून खोलीतच कडी लावून बसलेला. मंदार वर्तमानपत्र घेऊन आला आणि म्हणाला, "अहो, हा तर आपला निघाला." खानदेशात हिलाल हे सरसकट हिंदूंचं नाव. मागच्या चाळीतलं कुठलंही शेंबडं पोर ते मला सांगू शकलं असतं, पण मी चिपळूणचा, चार पुस्तकं वाचलेला, मी कोणाला कशाला विचारतोय? सोसायटीच्या बागेत शोकसभा झाली. ठराव मीच लिहिला. दोन मिनिटं सगळे उभे राहिले, बायका रडल्या, त्याच्या कुटुंबासाठी मदत गोळा झाली. 'आपल्याच माणसाचा बळी' असं कोणीतरी म्हणालं. त्या वेळी अलका माझ्या शेजारी होती. घरी आल्यावर ती म्हणाली, "अहो, तुम्ही काही मुद्दाम केलं नाही. चूक झाली. चूक माणसाच्या हातून होते." मी त्या शब्दाला धरून बसलो. चूक. तो शब्द मला गेली चार वर्षं रोज लागतो, रक्तदाबाच्या गोळीसारखा.

नंतर हिलालची बायको उषाबाई गावाहून आली, बरोबर चौदा वर्षांची मुलगी, हर्षदा. सरकारी मदतीचे अर्ज मी भरून दिले. खोली मिळवून दिली. आमच्याकडे आणि आणखी दोन घरी पोळ्यांचं काम लावून दिलं. प्लेगच्या वर्षी सगळं शहर पेट्या डोक्यावर घेऊन पळालं तेव्हा आम्हीही चिपळूणला पळालो, आणि उषाबाई आमच्या घराच्या किल्ल्या सांभाळत इथेच राहिल्या. परत आलो तर घर झाडलेलं, तुळस जिवंत. मी त्यांच्यापुढे मान वर करून उभा राहू शकलो नाही, आणि त्यांना वाटलं साहेब किती साधे. हर्षदाला मी इंग्रजी शिकवलं. पोरगी विलक्षण हुशार, एकदा वाचलेलं विसरायची नाही. यंदा कॉलेजात गेली तशी मीच तिला क्लबाचं विद्यार्थी सभासदत्व घेऊन दिलं, म्हटलं जरा चांगलं बघ. हे सगळं लोकांच्या डोळ्यांवर येण्याइतकं होतं. सोसायटीत म्हणत, ओगल्यांनी त्या कुटुंबासाठी केलं तेवढं सख्खा भाऊ करत नाही. मी नम्रपणे हसत असे. उषाबाईंच्या खोलीत भिंतीवर हिलालचा फोटो आहे, अमळनेरच्या स्टुडिओतला, केसांना तेल लावून भांग पाडलेला. जिवंत हिलाल मी कधी पाहिलाच नाही. दार बंद होतं.

तर रविवारी हे सगळं पत्रकावर उतरून पन्नास माणसांच्या हातात गेलं होतं, आणि त्या पन्नासांत हर्षदा होती. पायऱ्यांवरून ती मला दिसली. तिनं पत्रक चौपदरी घडी करून पर्समध्ये ठेवलं, लांबून नमस्कार केला आणि गेली. सोमवारी मी कचेरीत रजा टाकली आणि जरीवालांच्या माळ्यावर गेलो. डबे मंगळवारच्या गाडीनं परत जायचे होते. म्हटलं, तिसरं रीळ पुन्हा दाखवा. जरीवाला चांगला माणूस, काही विचारलं नाही. भर दुपारी खिडक्यांना पडदे लावून आम्ही ते रीळ तीनदा पाहिलं. टेबल नव्हतं. होतं ते एवढंच, की कारकून वही उघडतो आणि कॅमेरा हौदातल्या घोड्याकडे जातो, बराच वेळ तिथेच राहतो, आणि परत येतो तेव्हा वही मिटलेली असते. त्या घोड्याच्या जागी मी माझं जेवणघर बघितलं होतं. तिसऱ्या वेळी मी घोड्याकडे नेटानं बघत राहिलो. घोडा शेपटी हलवत होता, दुसरं काही नाही, तरी माझ्या तोंडात कमी दुधाच्या चहाची चव आली आणि मला भीती वाटली. साधी, लहान मुलाला वाटते तसली भीती. दिवा लावल्यावर जरीवाला म्हणाले, "साहेब, थाय एवुं, चालायचंच. आता शुं करीशुं? पुढच्या पत्रकात चूक कबूल करून टाकू, बे लाइन." चूक कबूल करून टाकू. मी म्हणालो, बघू.

मंगळवारी पाच वाजता हर्षदा घरी आली. अलका अजून बँकेतून यायची होती. एरवी ही पोरगी आल्या आल्या स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिते, त्या दिवशी सरळ टेबलाशी बसली. मेणकापड आता उडालेलं आहे, कोपरे फाटलेत. तिनं घडी उलगडून पत्रक पुढे ठेवलं. "सर, मी सगळा पिक्चर डोळ्यांत तेल घालून बघितला. हा प्रसंग त्यात नाही," ती म्हणाली. मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, "हा फोटोवाला माणूस कोण?" तिला ठाऊक होतं. माणूस विचारतो तेव्हा त्याला ठाऊक आहे की नाही हे आवाजावरून कळतं. मला वाटलं होतं, हा क्षण आला तर मी काहीतरी सुचवून वेळ मारून नेईन, मनाचे खेळ, रूपक, काय वाटेल ते. असली वाक्यं मला झोपेतही लिहिता येतात. पण तिच्यासमोर तोंड उघडलं आणि सगळं सरळ बाहेर आलं. वही, मंदार, लाल पेन्सिल, चौदा नंबर. हिलाल म्हणजे चांद, हेसुद्धा सांगितलं. सांगताना मी रडत होतो. शेवटी म्हणालो, "माझी चूक झाली, हर्षदा. मला खरंच माहीत नव्हतं, खानदेशात ते नाव असतं म्हणून. चूक झाली."

खाली सायकलवाला पापडी विकत होता, त्याची हाक दोनदा येऊन गेली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि मी वाट बघत होतो. तिनं ओरडावं, माझ्या थोबाडीत मारावी, पत्रक फाडावं, काहीही करावं. माफ करावं अशीही कुठेतरी लाचार आशा होती, ती लपवण्यात अर्थ नाही. ती म्हणाली, "बारा खुणा केल्या म्हणालात."

"हो."

"चूक एक झाली. म्हणजे बाकीच्या अकरा बरोबर होत्या."

ती रागानं बोलत नव्हती, गणित पडताळून बघावं तशी बोलत होती. "माझ्या पप्पांच्या नावानं शोकसभा झाली. आम्हाला खोली मिळाली. तुम्ही मला शिकवलंत. ते सगळं एका चुकीसाठी. बरोबर होत्या त्यांचं काय झालं, सर?" मी म्हणालो, मला माहीत नाही. किती गेले, किती पळाले, कोण परत आलं, मी कधी विचारलं नव्हतं. चार वर्षांत मला ते विचारावंसं वाटलंच नव्हतं. तिनं पर्समधून पेन काढलं, पत्रक उलटं केलं आणि जरीवालांच्या गुजराती मजकुराच्या खाली जी कोरी जागा होती तिच्यावर बोट ठेवलं. "त्यांची नावं लिहून द्या," म्हणाली. "मी त्या ओळीत जाऊन विचारते." मी म्हणालो, वही मंदारनं कधी परत दिलीच नाही, आणि तो बदली होऊन वडोदऱ्याला गेला. "वही नको," ती म्हणाली. "तुम्हाला आठवतील तेवढी. दारात जाऊन तुम्हीच लिहिली होती ना."

मी पेन घेतलं. एक ते बारा आकडे घातले. सातव्यापुढे हिलाल धुडकू सोनवणे लिहिलं, चटकन. मग पहिल्याकडे आलो. खोली तीन, तिथे एक म्हातारा होता, खाटेवर बसून साडीला टिकल्या लावायचं काम करत होता, त्यानं मला पाणी विचारलं होतं. त्याचं नाव? खोली नऊ, दोघे भाऊ, एक हसरा. एका दारात ओल्या केसांची बाई आतून बोलली होती, नवऱ्याचं नाव घ्यायला लाजत होती, शेवटी मुलीकडून वदवलं. ती लाज माझ्या लक्षात होती, मुलीचा आवाज लक्षात होता, नाव नाही. खोल्यांचे नंबरसुद्धा पुढे पुढे गळायला लागले. मी पेन धरून बसलो आणि मला कळलं की मी चार वर्षं एका हिलालला घाबरत होतो, त्याच्यासाठी झुरत होतो, आणि बाकीचे अकरा माझ्या मनात कधी मेलेच नव्हते, कारण ते कधी जिवंतच नव्हते. हे कळून मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. मी पुन्हा पहिल्या आकड्यापुढे पेन टेकवलं. हर्षदा सहा वाजेपर्यंत बसली होती. मग उठली, चपला घातल्या. पत्रक नेलं नाही. "सर, मी कॉलेजच्या फीचं बघेन माझं," एवढंच म्हणाली. अलका आली तेव्हा मी तिथेच होतो. तिनं दिवा लावला, कागद पाहिला, काय ते तिला समजलं असावं. "कशाला उकरून काढता आता?" ती म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. तिनं माझ्या हातातलं पेन काढून घ्यायचा प्रयत्न केला, मी दिलं नाही.

सकाळी उषाबाई येणार नाहीत असं आम्ही दोघं धरून चाललो होतो. अलकानं स्वतः कणीक भिजवायला घेतली होती. आठ वाजता बेल वाजली. उषाबाईंनी नेहमीसारखी पिशवी खुंटीला अडकवली, हात धुतले, आणि स्वयंपाकघरात न जाता टेबलाशी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. रात्रभर त्या झोपल्या नव्हत्या हे दिसत होतं. मी उठू लागलो, खुर्ची मागे सरकली, माझे हात आपोआप जोडले गेले. "बठा," त्या म्हणाल्या. चार वर्षांत त्या माझ्याशी शुद्ध बोलायची धडपड करत आल्या होत्या; आज घरच्या बोलीत बोलल्या. "पोरनी माले सांगं समदं." त्यांनी कागदाकडे पाहिलं. वाचता येत नाही त्यांना, पण आकडे येतात, आणि कोरी जागा कोणालाही दिसते. सातव्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. "हाई त्यासनं नाव?" मी म्हणालो, हो. त्यांनी बोट वर नेलं, मग खाली आणलं, बाराव्यापर्यंत.

"आनि हाई? लिखं नही का?"

"नाही, उषाबाई. आठवत नाही."

त्यांनी पदर खोचला. "मंग लिखा," म्हणाल्या. "तवलोंग मी पोया करस." आणि आत जाऊन त्यांनी अलकाच्या हातातली कणकेची परात घेतली.